तळमजल्यावरचा समुद्र

इने गावाची आठवण निघाली की मला आधी एक रेघ दिसते. घराच्या आत, सिमेंटच्या उतरत्या जमिनीवर, जिथे कोरडं संपून ओलं सुरू होतं ती रेघ. तिच्या अलीकडे जाळ्यांचे ढीग, प्लास्टिकच्या टोपल्या, रबरी बूट. पलीकडे तळ दिसावा इतकं नितळ, हिरवट पाणी आणि त्यात सुळसुळणारी बोटभर लांबीची मासळी. वर माळ्यावर कुणीतरी वावरतंय, त्याची चाहूल लाकडातून खाली येते. सगळं एकाच छपराखाली.

क्योतो म्हटलं की देवळं, बागा, दगडी पायवाटा आठवतात. पण क्योतो प्रांत उत्तरेला पार जपानच्या समुद्रापर्यंत पोचतो, आणि तिथे तांगो द्वीपकल्पाच्या टोकाजवळ एका छोट्याशा उपसागराला कवेत घेऊन इने वसलं आहे. वस्ती जेमतेम दोन हजारांची. सुमारे ५ किलोमीटरच्या किनाऱ्यावर पाण्याला अगदी खेटून २३० च्या आसपास फुनाया उभ्या आहेत. फुनाया म्हणजे खाली होडी आणि वर माळा असलेलं घर. फोटोत ही रांग चित्रासारखी दिसते आणि बहुतेक लोक त्या चित्रासाठीच येतात. मला मात्र वाटतं, ही घरं अशी का आहेत ते कळल्याशिवाय इने पाहिल्याचं समाधान मिळत नाही. ती कारणं इतकी नेमकी आहेत की त्यातलं एक जरी नसतं तरी हे गाव असं उभं राहिलं नसतं.

पहिलं कारण भरतीचं. कोकणात वाढलेल्या माणसाला इथे आल्या आल्या प्रश्न पडतो की भरतीला या घरांचं काय होत असेल? मुंबईत पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. इनेला भरती आणि ओहोटी यांच्यातलं अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास असतं. याचं कारण भूगोलात आहे. जपानचा समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद आहे. त्सुशिमा, त्सुगारु, सोया अशा अरुंद आणि उथळ सामुद्रधुन्यांतूनच तो बाहेरच्या पाण्याला जोडलेला आहे. महासागरात भरती येते तेव्हा तेवढं पाणी या दारांतून आत येईपर्यंत ओहोटीची वेळ होते. त्यामुळे आतली पातळी फारशी हलत नाही.

याचा घराशी संबंध काय, ते साध्या हिशेबाने कळतं. होडी ओढून घ्यायच्या उताराला १० मीटरमागे १ मीटर चढ आहे असं धरा. पाणी ४ मीटर वरखाली होत असेल तर पाण्याची कड ४० मीटर पुढेमागे सरकेल. अशा किनाऱ्यावर घर एकतर दिवसातून दोनदा बुडेल, नाहीतर चिखलात एकटं पडेल. पाणी अर्धा मीटरच हलत असेल तर तीच कड फक्त ५ मीटर सरकते, आणि ५ मीटर घराच्या पोटात सहज मावतात. सुरुवातीला सांगितलेली ती रेघ घराच्या आतच राहते, ती या हिशेबामुळे.

पण पाणी चढलं नाही तरी लाटा असतातच, आणि जपानच्या समुद्राचा हिवाळा भयंकर असतो. सायबेरियाकडून वायव्येचा वारा सुटतो आणि तांगोचा उघडा किनारा लाटांनी झोडपून निघतो. इनेचा उपसागर मात्र दक्षिणेकडे तोंड करून आहे. वाऱ्याकडे गावाची पाठ, आणि पाठीला तीन बाजूंनी डोंगर. उरलेल्या दक्षिणेच्या तोंडावर आओशिमा नावाचं गर्द झाडीचं बेट बरोब्बर मधोमध बसलेलं आहे. बाहेरची लाट आधी त्याच्यावर आपटते, मग दोन्ही बाजूंच्या फटींतून मवाळ होऊन आत येते. बाहेर समुद्र पांढराफेक झालेला असतानाही आत पाणी नुसतं डुचमळतं. शिवाय डोंगर जसे उभे आहेत तसेच ते पाण्याखालीही उतरत जातात, त्यामुळे काठालगतच चांगली खोली मिळते आणि होडी थेट घरापर्यंत येऊ शकते.

होडी घरात घ्यायचीच कशाला, बाहेर बांधून का नाही ठेवायची? कारण ती लाकडाची होती. खाऱ्या पाण्यात सतत राहिलेल्या लाकडाला पोखरणारे समुद्री किडे लागतात, पावसाने आणि बर्फाने ते कुजतं, उन्हाने तडकतं. होडी टिकवायची तर काम झाल्यावर तिला वर ओढून, छपराखाली सुकवायलाच हवी. तांगोत पाऊस आणि बर्फ दोन्हीही भरपूर. डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, अशी म्हणच त्या भागात आहे, आणि ती आजही पर्यटकांनी शब्दशः पाळावी. तर होडीला घर हवं, आणि घर पाण्यात ठेवता येईल असं पाणी तिथे आहे, असा हा योग.

घराची बांधणीही याच गरजेतून आलेली. छपराची त्रिकोणी बाजू समुद्राकडे, कारण होडी नाळ पुढे करून सरळ आत शिरते. दर्शनी बाजू अरुंद, कारण किनारा तेवढाच आणि वाटेकरी पुष्कळ. जुन्या फुनायांमध्ये पाण्यालगतचे खांब शिइ नावाच्या, ओकच्या कुळातल्या चिवट लाकडाचे असत आणि वरच्या तुळया पाइनच्या, झाड जसं वाकलं असेल तशाच वाकड्या ठेवलेल्या. वरचा माळा जाळी सुकवायला आणि ठेवायला. मूळची छपरं गवताची, बुटकी. माणसं इथे राहत नसत. राहतं घर मागे, डोंगराच्या पायथ्याशी.

आज फुनाया आणि ते राहतं घर यांच्यामधून गाडीरस्ता जातो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की हे पूर्वापार असंच चालत आलं असेल. तसं नाही. पूर्वी त्या जागी अंगण होतं आणि गावात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर लोक होडीनेच जात. १९३१ ते १९४० या काळात रस्ता झाला. त्यासाठी अंगणं गेली आणि फुनाया समुद्राकडे सरकवाव्या लागल्या. त्या काळात बुरी माशाचे हंगाम चांगले जात होते, लोकांच्या हाती पैसा होता. सरकवायचंच आहे तर नीटच बांधू म्हणून कौलारू, दुमजली फुनाया उभ्या राहिल्या. आपण ज्याला प्राचीन समजून फोटो काढतो त्यातलं बरंचसं असं शंभर वर्षांच्या आतलं आहे. मला हे कळल्यावर गाव कमी नाही, उलट अधिक आवडलं. रस्ता आला म्हणून मोडून न पडता घरांनी चार पावलं पाण्यात टाकली. २००५ मध्ये जपान सरकारने इनेला पारंपरिक वास्तुसमूह म्हणून संरक्षण दिलं, आणि कोळीवाड्याला असा दर्जा मिळण्याची देशातली ती पहिलीच वेळ होती.

बुरीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या घरांचा पैसा त्यातून आला. हा मोठा, चरबीदार मासा हिवाळ्यात उत्तरेकडून जपानच्या किनाऱ्याने खाली येतो. थंडीच्या सुरुवातीला समुद्रावर गडगडाट होतो, त्याला तिथले लोक ‘बुरी ओकोशी’ म्हणतात, बुरीला जागं करणारी मेघगर्जना. ती ऐकू आली की हंगाम लागला. हिमी, गोतो आणि इने ही जपानमधली बुरीची तीन नावाजलेली ठिकाणं. मासेमारी मुख्यतः कायम रोवलेल्या जाळ्यांनी होते. त्यातली युक्ती माशाच्या स्वभावावर बेतलेली आहे. काठाकडून खोल पाण्याकडे भिंतीसारखं एक लांब जाळं सोडलेलं असतं. काठाने पोहणारा मासा त्याला अडला की उथळ पाण्याकडे वळत नाही, खोल पाण्याकडे वळतो. आणि जाळ्याच्या त्याच टोकाला तोंड निमुळतं होत जाणारा मोठा पिंजरा असतो. आत जाणं सोपं, बाहेर येणं अवघड. होड्या उजाडायच्या आत निघतात, पिंजरा उचलतात, आणि सकाळी मासळी बंदरावर उतरते.

या उपसागरात देवमासेही शिरत. आत आले की तोंडावर जाळी टाकून वाट बंद करायची आणि मग शिकार. १६५६ पासून १९१३ पर्यंत साडेतीनशेच्या आसपास देवमासे धरल्याची नोंद आहे. आओशिमा बेटावर त्यांच्यासाठी बांधलेली समाधी आहे. ज्या जिवावर पोट भरलं त्याच्या नावाने दगड उभारणं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता जायचं कसं. टोकियोत, निशिकासाईच्या बाजूला आपली बरीच मंडळी राहतात. त्यांनी टोकियोहून एका दिवसात इने करायचा विचार सोडून द्यावा; शिनकानसेनने क्योतोलाच सव्वादोन तास लागतात आणि खरी वाट तिथून पुढे आहे. क्योतोत मुक्काम करून सकाळची हाशिदाते एक्सप्रेस धरायची, अमानोहाशिदाते स्टेशनपर्यंत सुमारे दोन तास. वाटेत मियाझुला गाडी उलट्या दिशेने निघते. चुकीच्या गाडीत बसलो की काय म्हणून घाबरू नका, तिथे ती अशीच वळते. एक पैशाची गोष्ट: फुकुचियामाच्या पुढचा रूळ जेआरचा नाही, क्योतो तांगो रेल्वेचा आहे. देशभराचा जपान रेल पास त्या तुकड्याला चालत नाही, वेगळे पैसे भरावे लागतात. कानसाई वाइड एरिया पास मात्र चालतो. इनेसाठी तो घेणं बहुतेकदा शहाणपणाचं ठरतं.

अमानोहाशिदातेहून इनेला बसने तासभर लागतो. बसला मागच्या दाराने चढायचं, यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढे लावलेल्या फलकावर त्या आकड्याखालचं भाडं बघून पेटीत टाकायचं. सुटे पैसे जवळ हवेत. दहा हजारांची नोट घेऊन बसमध्ये चढलेल्या माणसाची आणि त्याच्या मागे ताटकळणाऱ्या सगळ्यांची पंचाईत होते. जाताना उजवीकडची खिडकी धरावी, समुद्र पूर्ण वाटभर त्याच बाजूला राहतो. स्वतःची गाडी असेल तर क्योतोहून द्रुतगती मार्गाने योसानो-अमानोहाशिदातेपर्यंत आणि पुढे १७८ क्रमांकाच्या रस्त्याने, सगळे मिळून दोन-अडीच तास. पण गावात गाडी घालू नये. रस्ता एका गाडीपुरता, पदपथ नाही, आणि लोकांची दारं थेट रस्त्यावर उघडतात.

बहुतेकांचा घोळ होतो तो अमानोहाशिदाते आणि इने दोन्ही एकाच दिवसात बसवण्यात. पाइनच्या झाडांनी भरलेली ती साडेतीन किलोमीटरची वाळूची पट्टी जपानच्या तीन विख्यात दृश्यांपैकी एक आहे, ती चालत ओलांडायची तर पाऊण तास, डोंगरावर जाऊन पाहायची तर आणखी तास-दीड तास. मग इनेला पोचेपर्यंत दुपारचे दोन-तीन वाजतात. जेवणाची वेळ टळलेली, परतीच्या बसची चिंता सुरू. माझं मत विचाराल तर त्या दिवशी अमानोहाशिदाते बसच्या खिडकीतूनच पाहावं.

दुसरी चूक म्हणजे बसमधून ‘इने’ थांब्यावर उतरून लगेच चालायला लागणं. पंधरा मिनिटं चाललं तरी फोटोतलं गाव दिसत नाही आणि माणूस हिरमुसतो. कारण उघड आहे. फुनायांची तोंडं समुद्राकडे आहेत, रस्त्यावरून दिसतात त्यांच्या पाठी. दोन घरांच्या मधल्या हातभर फटीतून पाणी चमकतं तेवढंच. म्हणून आधी पाण्यावर जावं. ‘हिदे’च्या थांब्यावर उतरलं की समोरच फेरीबोटीचा धक्का आहे. २५ मिनिटांची फेरी, दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासाने. ही बोट मोठी असल्यामुळे उपसागराच्या मधून जाते. पूर्ण कमान एका नजरेत पाहायला ती उत्तम. घरांच्या जवळ जायचं असेल तर गावातलेच लोक चालवतात त्या छोट्या समुद्र-टॅक्सी घ्याव्यात, आदल्या दिवशी फोन करून. त्या फुनायांच्या पुढून हळू नेतात आणि चालवणारा कुणाच्या घरात काय चालतं ते सांगत जातो, बहुधा जपानीतच.

फेरीबोटीवर समुद्रपक्ष्यांना टाकायला खाऊ विकत मिळतो. पाखरं बोटीबरोबर उडत येतात आणि त्यांच्यात घारीही असतात. खाऊ चिमटीत धरून हात वर करायचा नाही, हवेत भिरकावून द्यायचा. घार मागून येते, नखं बोटाला लागतात. धक्क्यावर बसून भाताचा गोळा खातानाही पाठ भिंतीला लावून बसावं.

बोटीनंतर चालावं, आणि तेव्हा मात्र त्या पाठीच पाहाव्यात. दारात वाळत टाकलेले मासे, होसपाइपचं वेटोळं, रस्त्यापलीकडच्या राहत्या घरातून फुनायात चपला घालून जाणारी आजी. एखादी मोकळी जागा सापडली तर पाण्यात डोकावून पाहा. फुनायापुढे दोरीला बांधून सोडलेला पिंजरा दिसेल. त्याला मोंदोरी म्हणतात. घरात मासे साफ केल्यावर उरलेली डोकी आणि काटे त्यात घालून रात्री सोडायचा आणि सकाळी वर ओढायचा. लहान मासळी, कधी एखादा ऑक्टोपस. घरच्या कालवणापुरती सोय उंबऱ्यातच. उपसागराचा पूर्वेचा हात, कामेशिमा, पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपार कलली की तिथल्या फुनायांवर ऊन येतं, म्हणून तो भाग शेवटी ठेवावा. उंचावरून पाहायला डोंगरावरचा ‘फुनाया-नो-सातो’ थांबा आहे, चढ दमवणारा पण छोटा.

तळमजले उघडे असतात, दार नसतं, म्हणून ते सार्वजनिक आहेत असं वाटतं. ती लोकांची घरं आहेत. आत पाऊल टाकू नये, कॅमेराही आत घुसवू नये. पाहुण्यांसाठी उघडलेल्या काही फुनाया आहेत, त्यांची चौकशी गावच्या पर्यटन केंद्रात करता येते. कचरा आपल्याबरोबर परत न्यायचा.

मघाच्या त्या उतारावर आज बऱ्याच घरांत होडी नाही, हेही डोळे उघडे ठेवून पाहिलं पाहिजे. होड्या आता फायबरच्या असतात. त्या कुजत नाहीत, किडे लागत नाहीत, आणि इतक्या रुंद आणि उंच असतात की फुनायात शिरतच नाहीत. त्या बाहेर बांधलेल्या दिसतात. ज्या गरजेसाठी घर जन्मलं ती गरजच संपली. तळमजला आता जाळी, मोटर, मासे साफ करणं यासाठी. माळ्यावर तरुण पिढीची खोली, कुठे पाहुण्यांची खोली, कुठे कॉफी. याचं मला वाईट वाटतं, पण तक्रार नाही. रिकाम्या फुनायाचं छप्पर कुणी दुरुस्त करणार नाही. वर कुणी राहत असेल तर करील.

जेवणाच्या जागा मोजक्या आहेत, दुपारी दोननंतर बंद होतात, मासे संपले तर त्याआधीही. मासे खाणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत बुरीचे पातळ काप उकळत्या रश्शात दोनदा फिरवून खावेत. मात्र त्या महिन्यांत बर्फ पडतं आणि जोराच्या वाऱ्याने फेरीबोट बंद पडते, हे धरूनच निघावं. शाकाहारी माणसाने पोळीभाजीचा डबाच न्यावा. भाजी दिसते त्या ताटातही रस्सा सुकवलेल्या माशाचा असतो, आणि विचारल्यावर वाढणाऱ्याला तो मासा वाटतच नाही.

घरी न्यायला हेशिको. साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा मोठा भाऊ, पाठीकडून चिरून साफ करतात, मिठात भरपूर मुरवतात, मग तांदळाच्या कोंड्यात थरावर थर रचून वर वजन ठेवतात. उन्हाळा त्यातून जाऊ द्यायचा, जवळजवळ वर्षभर. उन्हाळ्याच्या उष्म्याने आंबण्याची क्रिया होते आणि मिठामुळे मासा सडत नाही. कोंडा पुसून, पातळ काप करून, मंद आचेवर नुसता शेकायचा. खारटपणा जबर असतो. एक काप आणि वाटीभर गरम भात पुरे. भसाभस खाल्लं तर दिवसभर पाणी प्यावं लागतं. १७५४ पासून चालत आलेली मुकाई ही साकेची भट्टीही याच रस्त्यावर, समुद्राला लागून आहे. तिथली ‘इने मानकाई’ लाल तांदळाची असल्यामुळे गुलाबी-लाल दिसते आणि आंबटगोड लागते.

दिवसाच्या सहलीत एक गोष्ट हाती लागत नाही. बारा ते चार ही गावाची निवांत वेळ असते. मासळी उतरते सकाळी, तेव्हा पर्यटक क्योतोत न्याहारी करत असतात. तेवढ्यासाठी एक रात्र फुनायात काढता आली तर जरूर काढावी आणि यजमानांना आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावं की उद्या होड्या किती वाजता परततील. ते शक्य नसेल तर परतताना शेवटच्या बसवर भरवसा ठेवू नका, तिच्या आधीची धरा. शेवटच्या बसने अमानोहाशिदातेला पोचून क्योतोची थेट गाडी मिळेलच असं नाही, आणि फुकुचियामाला गाडी बदलत गेलं की तास-दीड तास सहज वाढतो. या वेळी खिडकी डावीकडची.